थोरल्याचा हिस्सा

पटो न पटो, हे घडलेलं आहे.

ज्या बाईवर हे गुजरलं ती आजही अर्धापूरच्या अलीकडे, केळीच्या मळ्यातल्या घरात राहते. नाव शिवकन्या. गावाचं नाव सांगणार नाही, तिनं तशी शपथ घातली आहे. लोकांना वाटतं, असलं काही व्हायला अमावस्या लागते, मध्यरात्र लागते. हे झालं मागच्या वैशाखात, मंगळवारी, भर दुपारी… डोक्यावर ऊन असताना.

शिवकन्याला नवऱ्यानं टाकलेलं. तेव्हापासून ती माहेरीच, आईजवळ. आई कावेरीबाई ऐंशीला टेकलेली. मळा आणि घर दोन्ही आईच्या नावावर, तिच्या बापानं तिला दिलेलं. राबायची मात्र शिवकन्या. धाकटा भाऊ भारत नांदेडला नोकरीला. तो हसत हसत म्हणायचा, "माय हाय तवर ऱ्हा, शिवी. मंग बघू."

त्या 'मंग बघू'नं तिची झोप उडाली होती. आई गेली की आपण रस्त्यावर, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

आईच एक दिवस म्हणाली, "वकील बघ. माझ्या जित्तेपणी तुझ्या नावानं लिहून ठिवते."

पण वकील आणायचा कुठून? अर्धापुरातले एक वकील भावकीचे जावई. दुसरे भारतचे वर्गमित्र. सकाळी त्यांच्याकडे गेलं की दुपारी भारतचा फोन आलाच म्हणून समजा. शेवटी बचत गटातल्या एकीनं नांदेडच्या दीपमाला वकीलबाईंचा नंबर दिला. बाई मूळच्या उदगीरच्या, लग्न होऊन नांदेडला आलेल्या. या गावात त्यांना काळं कुत्रं ओळखत नव्हतं. शिवकन्याला तेच हवं होतं.

आणि तिथंच घात झाला. जवळपासचा वकील असता तर त्याला एक गोष्ट सांगावी लागली नसती…

त्या घरात थोरल्याचं नाव घेत नाहीत.

थोरला म्हणजे शिवकन्याचा मोठा भाऊ, हनुमंत. लग्न ठरलेलं होतं त्याचं. विहिरीवरची मोटार बसवताना करंट लागला, पाण्यात पडला आणि तिथंच गेला. तेव्हा भावकीतल्या म्हाताऱ्या नागुआत्यानं सगळ्यांना बजावलं होतं, "पाण्यात गेलेल्याला नावानं हाक मारू नका. तो ओ देतो." त्या दिवसापासून घरात, भावकीत, अख्ख्या गावात तो नुसता 'थोरला'.

इथं नाव लिहिलं आहे. लिहिलेलं चालतं. मोठ्यानं वाचू मात्र नका.

वकीलबाईंनी सगळ्या लेकरांची नावं मागितली. हयात असोत वा नसोत, पुढे वाद नको. शिवकन्यानं थोरल्याचं नाव तोंडानं घेतलं नाही, लिहून दिलं. वकीलबाईंना वाटलं, दुःखामुळे बोलवत नसेल.

मंगळवारी बाई आल्या. लाईट सकाळपासूनच गेलेली. साक्षीला शेजारचे व्यंकटीकाका आणि अंगणवाडीच्या सिंधुताई. डॉक्टरांचा दाखला आदल्या दिवशीच आणलेला. वकीलबाईंनी मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ चालू केला.

"आजी, तुम्ही शुद्धीवर आहात, राजीखुशीनं देताय, हे यात दिसलं पाहिजे. भलतंच काही बोललात तर उद्या कोर्टात हे टिकणार नाही, बरं का."

मग त्यांनी मृत्युपत्राचा कागद उचलला. कावेरीबाईला वाचता येत नव्हतं. अशा माणसाला सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि मगच अंगठा घ्यायचा, ही रीत.

शिवकन्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

"मला तीन अपत्ये झाली," वकीलबाई वाचू लागल्या. "पैकी थोरला मुलगा हनुमंत…"

व्यंकटीकाकांनी कपबशी खाली ठेवली.

"काय म्हणली?" कावेरीबाईनं कान पुढे केला. तिला कमी ऐकू यायचं.

"थोरला मुलगा, हनुमंत!"

"बाई, नगा…" शिवकन्या उठली.

पण वकीलबाईंना वाटलं, आवाज कमी पडतोय. त्यांनी तोंडाशी हात धरला आणि रानात हाक मारावी तसं ओरडल्या, "हनुमंत!"



केळीची पानं सळसळायची थांबली. बाजेखाली झोपलेलं कुत्रं उठलं, शेपूट पायात घालून बाहेर निघून गेलं…

आणि मागच्या दारातून, विहिरीच्या अंगानं, आवाज आला.

"हाव…"

दमलेल्या माणसानं 'हो' म्हणावं तसा आवाज. लांबून चालत आल्यासारखा.

सिंधुताईंनी पदर तोंडात कोंबला. एकट्या वकीलबाईच निवांत. त्यांना वाटलं, शेजारचं कोणी आलं असेल. त्या वळून म्हणाल्या, "कोण आहे? या ना, आत या."

लाईट नव्हती… आणि विहिरीवरची मोटार सुरू झाली.

जळक्या वायरीचा वास घरात शिरला. समोरची रिकामी बाज करकरली. तिच्या पट्ट्या मधोमध खाली गेल्या… आणि तशाच राहिल्या.

वकीलबाईंनी कागद खाली ठेवला. आता त्यांनाही कळलं होतं.

कावेरीबाई मात्र बाजेकडे बघून हसली. "आलास? किती रे वाळलास." मग वकीलबाईंकडे वळली. "थोरल्याला बी हिस्सा लिव्हा."

"आजी, ते तर… ते हयात नाहीत ना."

"कोण म्हणतंय? समोर बसलाय की!"

मोबाईलवरचा लाल ठिपका लुकलुकत होता. शिवकन्याला भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटलं. आई वेडी ठरणार. भारत हा व्हिडिओ कोर्टात लावणार. घर गेलं, मळा गेला, सगळं गेलं. ती रडतच बाजेपुढे बसली. वर बघायची तिची छाती झाली नाही. तिनं हात जोडले.

"दादा, मला कोणी न्हाई रे. मला इथंच राहू दे. तू बी ऱ्हा. मी तुला कधी जा म्हणणार न्हाई."

मोटार चालूच होती.

कावेरीबाई मान वाकडी करून कुणाचं तरी ऐकत होती. "हाव… हाव," म्हणत होती. मग तिनं अंगठा पुढे केला. "शाई लावा, बाई. तो म्हणतो, सारं शिवीलाच द्या. शिवी इथून कुठं जायची न्हाई, म्हणतो."

अंगठा उमटला. साक्षीदारांनी सह्या केल्या. मोटार बंद पडली. वकीलबाईंनी फीसुद्धा मागितली नाही, चपला हातात घेऊनच त्या गाडीत बसल्या.

त्या रात्री त्यांनी भीत भीत व्हिडिओ पाहिला. त्यात कावेरीबाई शांतपणे म्हणते, सगळं शिवकन्याला, आणि अंगठा देते. थोरल्याबद्दल एक अक्षर नाही. शिवकन्याचं रडणं नाही. मागे नुसता मोटारीचा आवाज…

पोळ्याच्या आधी कावेरीबाई गेली. तेराव्याला भारत तावातावानं आला. "ह्या कागदाला मी मानत न्हाई," म्हणत त्याच बाजेवर टेकला. दुसऱ्याच क्षणी उठला. तोंड पांढरंफटक. पाणीही न पिता म्हणाला, "घर तुझंच हाय बाई. मला नगं." त्याला काय झालं, ते तो अजून कुणाला सांगत नाही.

शिवकन्याला वाटलं, दादानं पाठराखण केली. महिनाभर तिनं त्याला रोज हात जोडले.

मग दुपारी मजूर घराकडे फिरकेनात. झाकून ठेवलेलं कालवण ऊन चढायच्या आत आंबायला लागलं. कुत्रं परत आलंच नाही. आणि घरात एकटी असताना, पाठीमागे… कुणीतरी श्वास घ्यायचं. दिवसभर. ती चुलीपुढे असो, न्हाणीत असो. जवळून. अगदी मानेजवळून.

ज्या घरासाठी ती आईच्या अंगठ्याकरता धडपडली होती, ते घर आता तिला नको झालं. लातूरला उज्वला नावाची मैत्रीण आहे, वसतिगृहात स्वयंपाक करते. तिनं तिथं काम बघून दिलं. शिवकन्यानं बॅग भरली आणि वकीलबाईंना फोन लावला. भारतच्या नावानं काय ते करून टाका, मी चालले, एवढंच सांगायचं होतं.

"निघालात का?" वकीलबाईंनी विचारलं.

"हाव. पायरीवरच उभी हाय."



"ताई, तुमच्या मागे कोण बोलतंय?"

शिवकन्याला काहीच ऐकू येत नव्हतं. मागे बघायचा धीर नव्हता. "काय म्हणतंय, बाई?"

वकीलबाईंचा आवाज रडवेला झाला होता.

"विचारतंय… 'मी तुला जा म्हणलो का, शिवी?'"

शिवकन्यानं फोन बंद केला. बॅग उचलली आणि आत गेली.

वकीलबाई हल्ली कुणाच्या घरी जात नाहीत, पक्षकारालाच नांदेडला बोलावतात. लातूरचं काम दुसऱ्या बाईला मिळालं. शिवकन्या मळ्यातच आहे. मागच्या आठवड्यात तिला फोन केला तर हळू बोलत होती. म्हणाली, बरी हाय. मग म्हणाली, ठेवते आता, त्याला आवडत न्हाई.