रिकाम्या खाचेचा दिवा

ही २००९ सालातली गोष्ट. नणंद-भावजयींनी घराच्या पुढच्या खोलीत संगणकावर चालणारं भरतकामाचं मशीन टाकलं होतं. भाऊ बोटीवर इंजिनियर. बोट बंदराला लागली की तो इंटरनेटवरून नवी नक्षी पाठवायचा. कोपऱ्यात त्याची खूण असायची, जहाजाचा इवलासा नांगर, एक हात आखूड. त्याच वर्षी बोट बेपत्ता झाली.

मग एका दुपारी मशीन आपणहून सुरू झालं आणि कोऱ्या कापडावर तो आखूड हाताचा नांगर उमटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"हेच पाठवताहेत. म्हणजे आहेत कुठेतरी," असं म्हणून वहिनी परत दोन घास जेवू लागली. नणंदेला मात्र चैन पडेना. शेवटी तिने नेटवर्कवाल्याला बोलावलं.

"ताई, दोन्ही डबे दिसायला सख्खे भाऊ, पण कामं वेगळी," तो म्हणाला. "हा स्विच. घरातल्या घरात संगणकाची आणि मशीनची गाठ घालून देतो, बस. याला समोरची गल्लीसुद्धा ठाऊक नाही. बाहेरचं येणं-जाणं या राउटरमधून. हे घराचं दार समजा."

"म्हणजे स्विच मी आणि राउटर तुमचे दादा, वन्सं!" वहिनी किती दिवसांनी हसली. "त्यांचा पाय घरात ठरतो कुठे?"

"नक्षी बाहेरून येत असेल, तर राउटर काढल्यावर थांबेल," नेटवर्कवाला म्हणाला.

वहिनीचं हसू मावळलं. "थांबू दे. थांबली तरच ते बाहेर आहेत."

मशीन पुन्हा सुरू झालं तसं त्याने राउटर काढून बाजूला ठेवला.

सुई चालतच राहिली.

"संगणकात साठलं असेल काहीतरी," तो पुटपुटला. त्याने संगणक बंद केला, त्याचीही वायर उपटली.

सुई चालतच होती. नांगराचा आखूड हात भरत आला होता.

आता स्विचवर मशीनचा एकच दिवा लुकलुकायला हवा होता. दोन लुकलुकत होते.

दुसऱ्या दिव्याच्या खाचेत वायरच नव्हती.

त्याने खाचेला बोट लावलं. बोट ओलं झालं. त्याने ते नणंदेपुढे धरलं. समुद्राचा वास.

"राउटर परत लावू नका," वहिनी हळूच म्हणाली.

नेटवर्कवाल्याने पुढे तो धंदाच सोडला. आता पंखे दुरुस्त करतो. बोट सापडली नाही. नणंद लग्न होऊन दूर गेली, मशीन विकलं गेलं. वहिनी अजून त्याच घरात राहते. स्विच तिने कधी बंद केला नाही. त्याच्याखाली अंथरलेलं फडकं ती रोज सकाळी पिळते आणि उन्हात टाकते.

वाळलं की ते पांढरं, कडक होतं.