बत्तीस हिरव्या खुणा आणि एक पोतं

पोतं बावीस पायऱ्या गडगडत खाली गेलं आणि धोंडू मात्र रिकामा हात तसाच हवेत धरून शांतपणे एकेक पायरी उतरत राहिला.

धोंडू म्हणजे आमचा यंत्रमानव. आबांनी, म्हणजे माझ्या आईच्या वडिलांनी बनवलेला. आबा पूर्वी उपग्रहांसाठी आज्ञावल्या लिहायचे. आता गुडघे कुरकुरतात, त्यामुळे दापोलीच्या आमच्या घराच्या पायऱ्या त्यांना एकट्यानं उतरता येत नाहीत. धोंडूनं हात धरून त्यांना उतरवायचं, असं ठरलं होतं. नशीब, सरावाला आबांच्या जागी तांदळाचं पोतं होतं.

आईनं अंगणातून सगळं पाहिलं. ती एवढंच म्हणाली, "रविवारी दादा येतोय. आबांना पुण्याला घेऊन जाईल. तिकडे लिफ्ट तरी आहे." दादा म्हणजे तिचा भाऊ, माझा मामा.

मला रडूच आलं. आबांशिवाय हे घर मला नको होतं. शिवाय धोंडूच्या चाचण्या मी स्वतः लिहिल्या होत्या आणि बत्तीसच्या बत्तीस हिरव्या, म्हणजे पास झाल्या होत्या. मग पोतं पडलं कसं?

आबा शेंगा सोलत बसले होते. "स्वरू, तुझी चाचणी वाच बघू."

धोंडूच्या आत ऑपरेटिंग सिस्टिम (यंत्राचा सगळा कारभार सांभाळणारी मूळ आज्ञावली) आहे. तिच्यासाठी मी युनिट टेस्ट (आज्ञावलीचा एकेक छोटा तुकडा सुटा काढून घेतलेली चाचणी) लिहिल्या होत्या. मी फणकाऱ्यानंच वाचलं, "धोंडूला सांग, हात धर. मग हिरवी खूण कर."

"मग तो काय म्हणाला?"

"कोण?"

"धोंडू. हात धर म्हटल्यावर."

ते मी पाहिलंच नव्हतं.

"काम संपलं की आज्ञावलीचा तो तुकडा एक आकडा परत देतो," आबा म्हणाले. "ती रिटर्न व्हॅल्यू (काम झालं की नाही, याचं परत आलेलं उत्तर). शून्य म्हणजे ठीक. उणे पाच म्हणजे बोटांना काही जाणवत नाही."

"शून्य म्हणजे ठीक? मला शाळेत शून्य मिळालं तर आई घर डोक्यावर घेईल."

"काम होण्याची रीत एकच असते गं, बिघडण्याच्या शंभर. चांगल्याला एक आकडा पुरतो, बाकीचे तक्रारींसाठी ठेवलेत." त्यांनी मला दोन दाणे दिले. "शाळेत जाताना तू 'येते' म्हणतेस. त्यावर मी काय म्हणतो?"

"ये."

"ते ऐकायला थांबतेस?"

खरं सांगायचं तर नाही. 'येते' म्हणेपर्यंत मी पाचव्या पायरीवर असते.

"मंगळवारी मी 'ये' म्हटलंच नव्हतं. 'थांब, डबा राहिला' म्हटलं होतं."

मंगळवारी मी दिवसभर उपाशी होते. आता कळलं.

"आता मुद्दाम बिघडवून पाहू," आबा म्हणाले. चाचणीपुरती आम्ही धोंडूला लुटुपुटूची बोटं दिली, कधीच काही न जाणवणारी. मग लिहिलं: 'हात धर' म्हटल्यावर उणे पाच आलंच पाहिजे. 'पाऊल टाक' म्हटल्यावरही उणे पाच आलं पाहिजे आणि पाय हलता कामा नये. आणि बोटं जोडतानाच घोळ झाला, तर पुढचं काही तपासायचं नाही, तिथेच थांबून कारण सांगायचं.

पहिलं उत्तर आलं उणे पाच. दुसरं आलं शून्य, आणि समोर भलीमोठी लाल खूण. आबा इतके खूश झाले की सगळे दाणे त्यांनी मलाच देऊन टाकले. चोर सापडला होता. हातानं 'धरलं नाही' असं सांगूनही चालण्याची आज्ञावली ते ऐकून न घेताच पाय उचलत होती.

"ती कुणी लिहिली?" मी विचारलं.

"मीच," आबांनी कान पकडले. मला त्यांची फार माया आली.

मग मी बत्तीसही चाचण्या नव्यानं लिहिल्या, प्रत्येक उत्तर तपासणाऱ्या. आणखी तीन चुका सापडल्या. सगळ्या दुरुस्त करायला शनिवार संपला.

रविवारी मामा आला. आबांची बॅग भरलेली होती. आबांनी एका हातानं कठडा पकडला, दुसरा धोंडूला दिला. त्याच्या बोटांची वायर मी आधीच गुपचूप काढून ठेवली होती.

धोंडू जागचा हलला नाही. "आबा, पकड जाणवत नाही. पाऊल टाकू नका."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी वायर दाखवली आणि जोडली. मग दोघं बावीसच्या बावीस पायऱ्या उतरले आणि परत वर आले. आबांना धाप लागली, पण ते हसत होते.

"दादा, जेवूनच जा," आई म्हणाली, "आणि आबांची बॅग आत ठेव."

जेवताना आबा म्हणाले, की मंगळावर जाणाऱ्या यंत्रांना पोतं पडलेलं सांगायला अंगणात कुणी नसतं, तिथे यंत्रांनी एकमेकांचं ऐकायला हवं. ती यंत्रं मी तपासणार आहे, हे मी तेव्हाच ठरवलं.

सोमवारी दप्तर अडकवून मी पहिल्या पायरीवर उभी राहिले. "आबा, येते."

आतून उत्तर नाही. आबा गुळण्या करत होते. बस खाली वळणावर आली, तिनं दोनदा हॉर्न दिला. मी थांबले.

"ये गं, स्वरू," आबा म्हणाले, आणि मग मी पायरी उतरले.