बाण जिकडं, गाडी तिकडं

आमच्या तळ्यावर दर हिवाळ्यात मूर्खांचं एक पीक येतं. पाणी कडेकडेनं गोठायला लागलं, की ही मंडळी धक्क्यावर जमतात, बुटाच्या टाचेनं बर्फ ठोकून बघतात आणि "धरेल गं, धरेल" म्हणत मान डोलावतात. माझं दुकान धक्क्याला लागूनच आहे. पुढं गळ, दोऱ्या, जिवंत आमिष, मागं गॅरेज. त्यामुळं या पिकाची पेरणी ते कापणी सगळी मलाच बघावी लागते. त्यातलं सगळ्यात जोमदार रोप आमच्याच घरचं होतं. माझा धाकटा भाऊ, ऑरिन.

त्या वर्षी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाची उरलेली टर्की अजून माझ्या फ्रीजमध्ये होती, तेव्हा तो त्याची एटीव्ही, ती जाड चाकांची उघडी चारचाकी, पिकअपवर चढवून घेऊन आला. शेजारी चार रबरी पट्टे टाकलेले. चाकं काढून त्या जागी असे पट्टे बसवले, की गाडीचं वजन पसरतं आणि ती मांडीभर हिमातूनही रांगत जाते. बर्फ मात्र त्यानं जाड होत नाही. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पट्टे विकत घेतलेल्या पुरुषाला कळत नाही.

"आजच्या आज बसवून दे आर्डिस," तो म्हणाला. "उद्या पहिलं झाड मीच रोवणार."

तळ्यावरची पहिली वाट ठरली, की तिच्या कडेनं स्प्रूसची तोडून आणलेली सूचिपर्णी झाडं बर्फात रोवायची आमच्याकडं रीत आहे. वादळात डोळ्यांपुढं हात दिसेनासा झाला तरी झाडामागून झाड धरून माणूस घरी येतो. रीत शहाणी आहे. पण पहिलं झाड कुणी रोवलं, यावर पुढं वर्षभर बारमध्ये मिशीला पीळ द्यायची खोड या शहाण्या रीतीला कुणी जोडली, देव जाणे.

मी पट्टे उतरवून घेतले आणि थांबले. एकावर पिवळ्या रबराचं ठिगळ होतं.

"हे लायलचे."

"होते," ऑरिन म्हणाला. "जोलीनच्या शेडमध्ये धूळ खात पडलेले. मी विचारलं, किती द्यायचे? तर म्हणते, पैसे नकोत, तूच ने. खुळी झालीय बिचारी."

लायल स्टेनरूड म्हणजे तळ्याच्या आमच्या खाडीतला सगळ्यात मोठा तोंडाळ माणूस. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मला त्यासाठी काही सापडलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढाच त्याचा उद्योग. आदल्या वर्षी यानं पट्टे धुवायला काढले आणि परत घालताना चारही उलटे घातले.

पट्ट्यावर रबरी दात असतात, बाणाच्या टोकासारखे. गाडी जाते त्या दिशेला बाण रोखलेला असतो, आणि मागं हिमात तसाच ठसा उमटतो. बाण जिकडं, गाडी तिकडं, हे आमच्याकडं पोरं चालायला लागायच्या आधी शिकतात. लायल तसाच, उलट्या पट्ट्यांनी, पहिलं झाड रोवायला तळ्यावर गेला. मागं ठसे उमटले ते काठाकडं येणारे.

दुपार सरली तरी तो आला नाही, म्हणून त्याची बायको जोलीन बारमध्ये विचारायला आली. मी तेव्हा शहरात सामान आणायला गेले होते. आमचे उंटावरचे शहाणे बसलेलेच होते. ऑरिन उठून धक्क्यावर गेला, ठसे बघून आला आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "ओरडतेस कशाला? तो कधीच घरी पोचलाय. ठसे बघ की. जातानाचे भुरभुरत्या हिमात बुजले असतील." मग कुणीतरी नवऱ्याला मोकळं सोडायच्या गोष्टी सांगितल्या, आणि सगळे खूप हसले म्हणे.

सकाळी बर्फातलं भगदाड सापडलं. भगदाडाच्या कडेला लोकरीचे दोन हातमोजे होते, पाठीवर चांदणी विणलेले, तळव्यांनी बर्फाला गोठून चिकटलेले. जोलीनच्या हातचे. लायलनं बर्फाची कड किती वेळ धरून ठेवली होती, ते कुणी बोललं नाही. त्याला तळातून वर काढल्यावर ते मोजे हातात घालूनच पुरला. गाडी पाण्यात ठेवली तर दंड होतो, म्हणून तीही नंतर वर काढली.

"तुला यावर बसवेल?" मी ऑरिनला विचारलं.

"रबर आहे गं ते. रबराला काय आठवतंय?"

खरं सांगते, माझंही मत तेच होतं. भूतखेत मानणाऱ्यांची मला मूर्खांइतकीच कीव येते. मी गाडी जॅकवर घेतली, चाकं उतरवली आणि एकेक पट्टा तपासायला घेतला. लोखंडी सांगाडा, त्यातली छोटी चाकं, त्यावरून फिरणारं रबर. उलटे पट्टे सुलटे करायचे म्हणजे ताण सैल करून रबर पूर्ण उतरवावं लागतं. गुडघे आणि शिव्या दोन्ही कामाला येतात. पहिल्याच चाकाचं झाकण उघडलं आणि माझ्या मनगटावर पाणी आलं.

गार, काळपट पाणी. वर्षभर कोरड्या शेडमध्ये पडलेल्या लोखंडातून. त्याला तळ्याच्या बुडाचा वास होता, कुजलेल्या वेलींचा आणि थंड चिखलाचा. मी फडक्यानं पुसलं. परत आलं. बादली खाली ठेवून मी काम चालू ठेवलं, कारण पाणी असेल तर त्याला कुठंतरी भोक असणारच, आणि ते शोधायला मला वेळ नव्हता. चारही पट्टे सुलटे बसवले, ताण बघितला, सांगाडा गरकन फिरू नये म्हणून लावायचे दांडे आवळले आणि कुलूप घालून घरी गेले. पाठीमागं बादलीत थेंब पडत होते. टप्... टप्...

सकाळी नवं हिम पडलेलं होतं. तळ्याच्या काठापासून माझ्या गॅरेजच्या दारापर्यंत पट्ट्यांचे ठसे होते. बाण सगळे दाराकडं.

कुलूप जागच्या जागी. आत गाडी मी ठेवली तशीच उभी. पण पट्ट्यांच्या दातांत ओला लगदा भरलेला होता आणि चारही पट्टे उलटे होते.

 मला भीती वाटली नाही, संताप आला. माझ्या हातच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. तेवढ्यात ऑरिन झाड खांद्यावर घेऊन आला, पट्टे बघितले आणि खो खो हसायला लागला.

"वा! लायल परवडला. तो निदान बाई नव्हता."

"मी सुलटे घातले होते."

"हो, हो. मग रात्री भुतानं येऊन पाने चालवले."

"ऑरिन, आज जाऊ नकोस."

"का? भुतामुळं?"

"बर्फामुळं, गाढवा. मी पहारीनं बघितलाय. खाडीच्या तोंडाशी अजून पाणी वाहतंय."

"पट्टे आहेत ना!" तो म्हणाला. हेच ते. पट्टे आहेत ना.

मी त्याला खूप बोलले. आई गेल्यावर मीच वाढवला होता त्याला. तोंड मीच दिलं होतं, अक्कल द्यायची राहून गेली असावी. शेवटी पट्टे परत सुलटे करून दिले, कारण मी नाही म्हटलं असतं तर तो उलट्यांवरही गेला असता. धक्क्यावरून तो निघाला तेव्हा मी पाठोपाठ चालत गेले, खाली वाकून बघितलं. ताजे ठसे, बाण तळ्याकडं. बोटानं चाचपून बघितले. बरोबर होते.

दुपारी पांढरं धुकं उतरलं. आमच्याकडचं धुकं आवाजही गिळतं. एंजिनची घरघर मध्येच थांबली, ती लांब गेली म्हणून की बंद पडली म्हणून, कळेना. दुकानात मर्व्ह हसबी आमिष घ्यायला आला. हाही लायल बुडाला त्या दिवशी बारमध्ये हसणाऱ्यांतला.

"ऑरिन दिसला का रे?"

"आलाय की तो. मी आत्ताच ठसे बघितले. बाण सगळे इकडं. बसला असेल बारमध्ये."

आमिषाची जाळी मी तशीच टाकली.

धक्क्यावर गेले. ठसे होते. एकच रांग. तिच्याशेजारी सकाळच्या माझ्या बुटांच्या खुणा, मी खाली वाकले होते त्या जागी गुडघ्याचा खळगा, आणि बोटानं चाचपलेली खूणसुद्धा. ती खूण ज्या बाणावर होती, तो बाण आता काठाकडं बघत होता.

"बघ, आला," मागून मर्व्ह म्हणाला.

"रांगा किती आहेत रे मर्व्ह?"

"एक."

"गेला आणि आला, तर किती हव्यात?"

त्याच्या तोंडावर जे हळूहळू उगवलं ते वर्षभर उशिरा उगवलं. त्याला मी मदत बोलवायला पिटाळलं आणि पत्र्याची छोटी होडी ओढत, पहारीनं पुढचा बर्फ ठोकत निघाले. बाण माझ्याकडं रोखलेले, आणि मी त्यांच्या उलट चालत होते. आलो, आलो, आलो, असं प्रत्येक ठसा सांगत होता. भाऊ घरी आहे, परत फीर, असंच ते ठसे म्हणत होते, आणि मी चक्क त्यांना शिव्या घालत होते. नाहीतर पाय उचलला नसता.

एका जागी स्प्रूसचं झाड आडवं पडलेलं दिसलं. त्याच्या पलीकडं काळं पाणी होतं. आणि पाण्याच्या कडेला ऑरिनचं डोकं.

तो बुडत नव्हता. खांद्यापर्यंत पाण्यात होता आणि दोन्ही हात पुढं बर्फावर पसरलेले होते. उघडे हात. त्यांच्यावर लोकरीचे दोन हातमोजे होते, घातलेले नव्हेत, वरून दाबून ठेवलेले. पाठीवर चांदणी. आत कुणाचाही हात नव्हता, पण मोजे पोकळ पडलेले नव्हते. चारी बोटं आणि अंगठा भरलेले होते, आणि कुणी समोर पालथं पडून धरावं, तसे त्याच्या मनगटांवर मिटलेले होते.

मी होडी सरकवली, तिच्यात पोटावर झोपले आणि पहारीच्या टोकानं ते मोजे फोडले. काचेसारखे फुटले. ऑरिन लगेच खाली जायला लागला, तेव्हा त्याच्या कॉलरला मी दातांनीसुद्धा धरलं. मर्व्हनं आणलेल्या माणसांनी मागून दोरी ओढली.

शुद्धीवर आल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात, पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून, भिंतीकडं बघत म्हणाला,

"त्यानं मला बुडू दिलं नाही, आर्डिस..."

"कुणी?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"समोर पालथा पडला होता. हनुवटी बर्फावर टेकून माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, लायल, ओढ ना रे... ओढ मला. खूप ओरडलो मी. तर हसला. बारमध्ये हसायचो ना आम्ही, तसा. म्हणाला..."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ओरडतोस कशाला? तू कधीच घरी पोचलास... ठसे बघ की."

ऑरिनची सहा बोटं गेली. जीभ शाबूत आहे, पण ती तो वापरत नाही. धक्क्याकडची खिडकी त्यानं फळ्या ठोकून बंद केलीय. पुढच्या आठवड्यात तो जोलीनच्या दारात जाऊन उभा राहिला, बराच वेळ. तिनं दार उघडलं, त्याचे हात बघितले आणि आत जाऊन त्याच्यासाठी कॉफी ओतली. त्यांच्यात काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही.

गाडी वर काढली तेव्हा पट्टे अर्थातच उलटे होते. मी ते करवतीनं कापले आणि कचराभट्टीत घातले. पिवळ्या ठिगळाचा, बाणासारखे दात असलेला एक तुकडा तेवढा ठेवला. चांगलं जाड रबर होतं, आणि लायलला शेवटी कशाला तरी उपयोगी पडू द्यावं, असं माझ्या मनात आलं. तो माझ्या दाराशी पायपुसणं म्हणून टाकलाय. गावातल्या बायका म्हणतात, फेकून दे ते. मी म्हणते, बुटांचा चिखल पुसते मी त्याच्यावर, अजून किती मान देऊ?

रोज झोपायच्या आधी मी तो तुकडा फिरवून ठेवते, बाण बाहेर, तळ्याकडं. सकाळी तो ओला असतो, आणि बाण घराच्या आत रोखलेला असतो. गेल्या हिवाळ्यापर्यंत तुकडा निदान उंबऱ्याच्या बाहेर असायचा, आता सकाळी तो आत सापडतो.