काचेवरचा हात

"हा घ्या पुरावा!" ट्राउडे एसरनं कागद टेबलावर आपटला. "माझ्या भावाला या माणसानं विकलं. विचारा की त्याला, साहेब!"

कोलोन, फेब्रुवारी १९४७. पोलीस ठाण्यात शेगडी होती, कोळसा नव्हता. इन्स्पेक्टर ओव्हराथनं कोट न काढताच कागद वाचला. नाझींच्या गुप्त पोलिसांच्या जुन्या दप्तरातली ती निनावी खबर होती, १४ मे १९३५ ची.

'छापखान्यात खिळे जुळवणारा. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. दर गुरुवारी चारला रेल्वेपुलाखाली येतो.'

नाझींपासून लपलेला तिचा भाऊ हुबर्ट एसर सोळा मेला तिथंच पकडला गेला. तुरुंगातून परत आला नाही.

समोर फोटोग्राफर आन्सेल्म रूडेकाम्प बसला होता. वय सत्तर. चार महिन्यांपूर्वी त्याची बायको गेली होती. आरोप खरा ठरला, तर धंद्याचा परवाना जाणार होता आणि फोटोच्या काचांवर टिपलेले दोन हजार चेहरेही.

"पुलाखाली हुबर्टला कोण भेटायचं?" ओव्हराथनं विचारलं.

"मी. पाव द्यायचो."

"कुणाला माहीत होतं?"

"घरात. माझी बायको लेनी आणि मदतनीस डामेन. दोघांनी त्याला पाहिलं नव्हतं. तो फोटोला आला तेव्हा लेनी माहेरी होती, डामेनला सुट्टी होती."

"तो खिळे जुळवायचा?"

"लपल्यापासून कोळसा उतरवायचा. पण मी माणसं धंद्यांनुसार टिपतो, मला त्याचा खरा धंदा हवा होता. काचेच्या पाकिटावर मी तोच लिहिला. नाव मी कुणाचंच लिहीत नाही."

"माणसं आहेत का लोणच्याच्या बरण्या?" ट्राउडे म्हणाली.

"कागदावर फोटो छापला होता?" ओव्हराथनं विचारलं.

"नाही. धोका होता. डामेननं काच रसायनात धुतली, बस."

"तुम्हालाही पकडलं होतं ना?"

"तेरा मेला. माझ्या फोटोंतले जर्मन त्यांना पुरेसे देखणे वाटले नाहीत. पंधराला सोडलं. का, ते मी विचारलं नाही."

ओव्हराथ ट्राउडेकडे वळला. "बाई, कुठल्या हाताची बोटं गेली होती?"

"डाव्या. यंत्रात." ती थबकली. "इथं उजव्या लिहिलंय. पोलिसांचीच चूक असेल."

"काच आणलीय?"

रूडेकाम्पनं पाकीट पुढे केलं. ओव्हराथनं काच खिडकीशी धरली. तुटकी बोटं डाव्या हाताची होती. मग त्यानं काच फिरवली. आता ती उजव्या हाताची दिसत होती.

"एक बाजू चकचकीत आहे, एक मंद," तो म्हणाला. "चकचकीत बाजू आपल्याकडे धरली तर माणूस सरळ दिसतो. मंद बाजू धरली तर डाव्याचं उजवं होतं. खबर देणाऱ्यानं हुबर्टला पाहिलंच नव्हतं. फक्त काच पाहिली आणि पाकिटावरचा धंदा वाचला. म्हणून खबरीत नाव नाही. रूडेकाम्प दर गुरुवारी त्याच्या हातात पाव देत होते, त्यांची चूक झाली नसती. डामेनचा तर हा धंदाच. काच कशी बघायची, हे त्याला पहिल्या दिवशीच शिकवलं असणार. काचा पाकिटात कोण घालायचं?"

रूडेकाम्पनं काच परत घेऊन पाकिटात घातली.

"लेनी," तो म्हणाला. "तिचा हात हलका होता. मंद बाजू स्वतःकडे करून फुंकर मारायची. म्हणायची, या बाजूला बोट लागलं तर माणूस पुसला जाईल."

"तुम्ही आत होतात. तुमच्या बदल्यात त्यांनी तिच्याकडे कुणीतरी मागितलं. तिच्याकडे जेवढं होतं, तेवढं तिनं दिलं. चौदाला खबर आणि पंधराला सुटका."

"त्या गुरुवारी तिनं मला पुलाकडे जाऊ दिलं नाही. म्हणाली, अंगात कणकण आहे तुझ्या, झोप." रूडेकाम्पनं तोंडावरून हात फिरवला. "साहेब, माझं नाव लिहा."

"ते खोटं होईल."

"होऊ दे. त्या दोषात ती एकटी आहे."

"तिचंच लिहा!" ट्राउडे ओरडली. मग खुर्चीत बसली. "बारा वर्षं याला शिव्या दिल्या मी. आता कुणाला देऊ? ती तर मेली."

ओव्हराथनं जबाब लिहिला आणि सहीसाठी पुढे सरकवला.

रूडेकाम्पनं तो सावकाश वाचला. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"लेनी मी घरात म्हणायचो," तो म्हणाला. "इथं तिचं खरं नाव लिहा. हेलेने."