ऊन दाखवलेलं तेल

"नाक धर तिचं! चमचाभर तेलाला एवढे नखरे?" मामा कडाडले.

तापातून उठलेल्या चिमणीच्या अंगावर नुसती हाडं उरली होती. शक्ती यावी म्हणून मामा आपल्या लेकीला मासळीचं तेल पाजत, आणि ती रोज ओकत होती. सुट्टीला आलेल्या ताईला ते बघवेना.

"आज तर पाणीसुद्धा पोटात ठरलं नाही. ही मरेल रे!" ती चष्मिस आणि ढोल्या या आपल्या भावांना म्हणाली.

तिघं गच्चीवर गेली. मामा तेलाचे व्यापारी. डब्यातलं तेल काचेच्या बाटल्यांत भरून ते उन्हात मांडत. धान्याला, गाद्यांना ऊन दाखवतात ना, तसं!

चष्मिसनं एक बाटली हुंगली. "शी! जुन्या रंगाचा वास!"

"आणि खालच्या बंद डब्यात नुसता मासळीचा," ढोल्या म्हणाला. "पण मामांना सांगणार कोण? कान उपटतील!"

"सांगायचं नाही. त्यांनाच हुंगायला लावायचं!" ताई म्हणाली.

"मामा, पैज! डोळे बांधून तेल ओळखायचं!" ढोल्यानं डिवचलं.

"अरे, जन्म गेला माझा तेलात! बांध!"

पहिला चमचा हुंगून मामा हसले. "अस्सल माझं!" दुसरा नाकाशी येताच त्यांनी तोंड फिरवलं. "फेक ते! कुठल्या चोरानं विकलं?"

"तुमच्याच गच्चीवरचं आहे, मामा," ताई म्हणाली. "चिमणीला हेच पाजता."

मामांनी डोळ्यांवरची पट्टी काढली. त्यांनी लगेच डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडलं.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. चिमणीला सलाईन लावलं. "उजेडानं हे तेल मोडतं, त्यात अपायकारक संयुगं तयार होतात," त्या म्हणाल्या. "दिसायला मात्र सोन्यासारखंच! शाब्बास पोरांनो, वेळेवर थांबवलंत. पोर वाचेल."

ढोल्या नाचणार होता. ताईनं त्याला दटावलं. "विकलेल्या बाटल्यांचं काय?"

मामा रिकामी पिशवी घेऊन निघाले. मुलंही निघाली. दारोदार बाटल्या परत घेताना मामांची मान वर होत नव्हती.

शेवटच्या दारात एक बाई कडेवर बाळ घेऊन उभी होती. बाळ मलूल पडलं होतं.

"फार गुणाचं तेल हो तुमचं!" ती म्हणाली. "बाळ नको नको करतं. तरी मी सोडत नाही, पाजतेच!"

मामा भिंतीला टेकले. ताई पुढे झाली.

"मावशी, बाळाला घेऊन चला. डॉक्टरीणबाई आमच्याच घरी आहेत. चला, आत्ताच!"