बाकाजवळ घसरणारा आकडा

धाकट्या बहिणीचं एक पत्र मला आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

पुढचं सगळं तुम्हाला खोटं वाटलं तर वाटो. पण जे माझ्याच विरुद्ध जातं, ते मी कशाला रचू?

गुडघ्यांनी दगा दिल्यावर बहीण घरात अडकली आणि साठी उलटल्यावर कॉम्प्युटरवर गेम खेळायला लागली. त्यात एक तळं होतं, काठावर बाक. दोघांनी शेजारी बसून मासे धरायचे.

"दादा, पुस्तकातून डोकं काढ जरा," तिनं लिहिलं होतं. "रोज चारला मी बाकावर असते. तुझं चित्र सुरुवातीला अडकेल, घाबरू नकोस. काय करायचं ते मी सांगेन. येतोस ना?"

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. तसं लिहायची लाज वाटली. चार मसुदे केले, चारही फाडले. महिन्याभरानं तिचा फोन आला, पत्र मिळालं का म्हणून. मी म्हणालो, नाही बुवा, हल्ली टपालाचं काही खरं नाही.

ती म्हणाली, "राहू दे मग."

दीड महिन्यात ती गेली.

तिचा कॉम्प्युटर भाच्यानं माझ्या खोलीत आणून लावला. आईची तशी इच्छा होती म्हणाला. कॉम्प्युटर दुरुस्ती हाच त्याचा धंदा. गेममधला माझा माणूस कसा चालवायचा ते त्यानं शिकवलं, पडद्याच्या कोपऱ्यातला आकडाही त्यानंच मला दाखवला. सेकंदाला किती चित्रं उमटतात, ते हा आकडा सांगतो. साठ असला की सगळं सुरळीत.

सकाळी साठ.

दुपारी साठ.

चार वाजता मी बाकाजवळ गेलो... आणि आकडा सतरावर आला. पाणी अडखळलं. वाऱ्याचा आवाज तुटक तुटक यायला लागला.

बाक रिकामाच होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही.

भाच्याला बोलावलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहून ठेवायची, ही त्याची शिस्त. वही माझ्याकडे दिली. आतली धूळ काढली. ड्रायव्हर नावाचे प्रोग्रॅम नवे टाकले. गेममधल्या सावल्या बंद केल्या. मामा, तुमच्या पुस्तकांची धूळ खाऊन दमलंय बिचारं, अशी थट्टाही झाली. रोज चारला तेच. शेवटी त्यानं इंटरनेटची वायरच उपटली.

चार वाजले... सतरा.

त्याचं हसू गेलं होतं.

"मामा, जास्तीचं काही रंगवावं लागलं की हे अडकतं. आपल्याला दिसो न दिसो. इथे तुमच्या माणसाशेजारी ते... आणखी कुणालातरी रंगवतंय."

कॉम्प्युटरचा पंखा तेवढा घरघरत होता.

"आई तुम्हाला या बाकाबद्दल काही बोलली होती का?"

"नाही," मी म्हणालो.

पंखा थांबला.

आकडा शून्य झाला. पाणी जागच्या जागी थिजलं.

भाच्यानं बटण बंद केलं. माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाचवा मसुदा लिहिला. "धाकटे, पत्र मिळालं होतं. मी खोटं बोललो. उद्यापासून चारला येतो."

लिफाफ्यावर तिचंच नाव, तिचाच पत्ता. त्या घरात आता भाचा एकटा राहतो. उघडेल तोच. मामा आईशी खोटं बोलला आणि आपल्याशीही, हे त्याला कळेल.

कळू दे.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी पोचलो तेव्हा चार वाजत होते. फटीत हात घालून लिफाफा सोडला.

तळाशी पडल्याचा आवाज आला नाही.

रस्त्यातला सायकलवाला एक पाय वर, एक खाली, असा मध्येच थांबला होता... पडत नव्हता. झाडावरून सुटलेलं पान हवेत होतं. कुठेच काही वाजत नव्हतं.

मग पेटीत टप्प वाजलं.

सायकल पुढे गेली. माझा हात अजून फटीतच होता. मी तो पटकन बाहेर काढला.