हार्लन प्रुइटचा ग्लोव्ह

नोव्हेंबर लागला की ओहायोच्या त्या भागात लोक गाडीला बर्फात चालणारे टायर बसवून घेतात. वेंडल हॉफॅकरही त्याच कामाला बाहेर पडला होता. काम आटोपलं आणि परतताना तो आर्डिस प्रुइटच्या दाराशी थांबला. म्हातारीनं सकाळी फोनवर एवढंच म्हटलं होतं, “माझ्या भावाचा ग्लोव्ह हवाय ना तुला? मग आजच ने.”

या फोनची त्यानं जन्मभर वाट पाहिली होती.

आर्डिसचा भाऊ हार्लन प्रुइट म्हणजे गावच्या बेसबॉल संघाचा, केलर्सव्हिल पॉटर्सचा, पहिल्या बेसवरचा गडी. डावखुरा. चेंडू डाव्या हातानं फेकायचा, म्हणून ग्लोव्ह उजव्या हातात. पोरवयातला वेंडल त्याच्यापायी इतका वेडा, की स्वतः उजव्या हाताचा असून दुकानात हटून बसला आणि डावखुऱ्यांचा ग्लोव्ह घेतला.

“अरे गाढवा, मग फेकणार कुठल्या हातानं?” बापानं विचारलं होतं.

“डाव्या. हार्लनसारखा.”

डाव्या हातानं त्याला कधी धड फेकता आलं नाही. शाळेच्या संघात कुणी घेतलं नाही. पण ग्लोव्ह काही त्यानं बदलला नाही.

मग ती अंतिम लढत आली. शेवटचा गडी बाद व्हायचा बाकी, हवेत उडालेला सोपा चेंडू, खाली हार्लन उभा, आणि चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये पडून बाहेर आला. जिंकलेला सामना गेला. हाताला लोणी लागल्यासारखा चेंडू निसटला, म्हणून गावानं त्याचं नाव ‘लोणीहात्या’ ठेवलं. हार्लन पुन्हा मैदानावर दिसला नाही. वेंडल मात्र पोरांशी मारामाऱ्या करत राहिला. “उन्हानं डोळे दिपले होते त्याचे!” मोठेपणी त्यानं जुने ग्लोव्ह जमवायला घेतले, तळघर भरून टाकलं. जो हवा होता तोच तेवढा मिळत नव्हता.

आर्डिसनं तो पावाच्या डब्यातून काढून दिला. काळपट, सुरकुतलेला, हाताला ओलसर.

“एक ऐक. यात चेंडू ठेवू नकोस.”

“का?”

“राहत नाही.” ती खिडकीबाहेरच्या कोठाराकडे पाहत होती. “हार्लन त्या भिंतीवर चेंडू मारायचा आणि परत झेलायला बघायचा. रोज. मी भांडी घासता घासता ऐकायची. भिंतीवर ठक्... मग गवतात धप्. ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज काही आला नाही कधी.”

“पण त्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली, मिस प्रुइट.”

“हो ना,” म्हातारी म्हणाली. “मलाही तेच वाटायचं. जा आता, उजेड आहे तोवर.”

जुन्या ग्लोव्हचं एक शास्त्र असतं. कातड्याला तेल चोळायचं, तळव्याच्या खळग्यात चेंडू ठेवायचा, ग्लोव्ह मिटून दोरीनं करकचून बांधायचा आणि तसाच राहू द्यायचा. चामडं चेंडूचा आकार धरतं. वेंडलनं हे आयुष्यभर केलं होतं. शनिवारी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये जुन्या पॉटर्सचा मेळावा होता, आणि तिथं हा ग्लोव्ह, आत चेंडू घट्ट धरलेला, साऱ्या गावापुढं ठेवायचा असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. बालमित्र डोनी कोव्हाच हा मेळाव्याचा कारभारी. फोनवर तो खिदळला होता, “लोणी पुसून आण बरं का!”

रात्री त्यानं आत चेंडू ठेवून ग्लोव्ह बांधला. सकाळी वेंडल तळघरात उतरला. दोरी होती तशीच, गाठही तशीच, आणि चेंडू फरशीवर.

त्यानं पुन्हा बांधला. पुन्हा तेच. दोरीवर पट्टा आवळला, पट्ट्यावर सुतारी शिकंजा लावला. चेंडू फरशीवर.

“उंदीर असेल,” त्याची बायको ग्लेंडा वरून म्हणाली.

“उंदीर गाठ सोडून परत बांधतो होय?”

“मग तुझीच गाठ सैल. इतक्या वर्षांत तुझी एक तरी गाठ धड बसलीय? आपली सोडून!”

त्याला हसू आलं नाही. तो समोर स्टूल घेऊन बसला. डोळे ताणून पाहत राहिला. नुसती शिंक आली, पापणी मिटली, आणि... धप्. चेंडू त्याच्या बुटाशी येऊन थांबला. त्यानं लाथेनं स्टूल उडवलं. फळीवरचे सगळे ग्लोव्ह तळहात पसरून त्याच्याकडे पाहत होते.

शुक्रवारी दिवस कलायला लागला तसा त्याचा धीर सुटला. तळघराच्या उंच खिडकीतून राखाडी उजेड येत होता. बाहेर बर्फ भुरभुरत होतं, आणि आत ताज्या कापलेल्या गवताचा वास येत होता. त्यानं दोऱ्या उपटून काढल्या आणि ग्लोव्ह उजव्या हातात चढवला. आतून तो उबदार होता. आत्ताच कुणी हात बाहेर काढावा तसा.

“तुझ्यापायी मी मार खाल्ला,” तो ओरडला. “तुझ्यापायी उलट्या हातानं खेळलो! आणि तुला एक चेंडू धरवत नाही? ऊन नव्हतंच त्या दिवशी. ढग होते. मीही होतो तिथं... ठाऊक आहे मला.” त्यानं डाव्या हातानं चेंडू उचलला. “एकदा धर ना रे. फक्त एकदा. काही निसटायचंच असेल तर ते माझ्या हातातून निसटू दे... पण तू धर.”

त्यानं चेंडू खळग्यात आपटला.

ग्लोव्हच्या आत, त्याच्या बोटांना लागून, दुसरी बोटं होती. थंड. इतका वेळ ती त्याच्या बोटांना धरून होती हे त्याला आत्ता कळलं, कारण आता ती एकेक करून सुटत होती... करंगळी... तिच्या शेजारचं... मधलं... मग चामडं आपसूक मिटलं. थप्.

शनिवारी डोनीनं सगळ्यांदेखत ग्लोव्ह उलटा धरून गदागदा हलवला. चेंडू हलेना.

“गोंद लावलास की काय लेका?”

“हार्लनचा ग्लोव्ह आहे तो,” वेंडल म्हणाला. म्हातारे खेळाडू उठून उभे राहिले, टाळ्या वाजल्या. एकानं डोळे पुसले आणि कबूल केलं की त्या झेलावरून आपण फार छळलं त्याला. वेंडलचा ऊर भरून आला. त्यानं कॉफीचा पेला उचलला, आणि पेला त्याच्या हातातून निसटून फरशीवर फुटला.

“हा घ्या नवा लोणीहात्या!” डोनी म्हणाला. सगळे हसले. वेंडलही हसला.

त्या संध्याकाळी गाडीची किल्ली निसटली. दुसऱ्या दिवशी दाढीचा वस्तरा, मग ग्लेंडाच्या आईची काचेची बशी. दुखत नव्हतं, थरथरत नव्हतं. डॉक्टरनं हात दाबून पाहिला आणि दणकट असल्याचं सांगितलं. फक्त उजव्या तळव्यावर एक लालसर वळण उमटलं होतं, चेंडूच्या शिवणीचे टाके असतात तसं. साबणानं घासूनही ते गेलं नाही.

ग्लोव्ह डाव्या हातात घेऊन तो आर्डिसला परत द्यायला गेला. तिनं दार उघडलं नाही. खिडकीच्या काचेआडून त्याच्या रिकाम्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला लेक टेस आली, तान्हं बाळ घेऊन. घरभर टर्कीचा खमंग वास होता. पोरीला छातीशी धरून ती जिना चढली आणि वरच्या पायरीवर, कठड्याशी उभ्या असलेल्या बापापुढं तिनं बाळाला धरलं.

“बाबा, घे ना नातीला. किती दिवस वाट बघत होतास!”

वेंडलनं दोन्ही हात खिशात खुपसले.

“घे रे! पडायची नाही ती.”

“नको, बाळा... आत्ता नको.”

“असं काय करतोस?” टेस हसली आणि बाळाला आणखी पुढं सरकवलं.

खाली तळघरात ग्लोव्हनं चेंडू घट्ट धरला होता. आणि खिशाच्या अंधारात वेंडलच्या आवळलेल्या मुठीची बोटं, कुणीतरी हळूच उलगडावीत तशी, उघडू लागली. करंगळी... तिच्या शेजारचं... मधलं...